वरून ऐकलेले सिनेमे

"आलं का?" पत्र्यावरून तात्या ओरडले.

"न्हाय!" दारातून आप्पा.

"आता?"

"न्हाय की, दादा!"

लॅपटॉपवर नुसतं चक्र फिरत होतं. अकराला पुण्याच्या कॉलेजातल्या मॅडम त्यावरून माझी मुलाखत घेणार होत्या. अकरावी सायन्स, वसतिगृह, फी माफ! स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन केल्यापासून मी कुणाला घाबरत नाही. या चक्राला मात्र घाबरले.

आमच्या वस्तीवर मोबाईलला रेंज नाही. टीव्हीच्या ज्या लहरी आता कुणी वापरत नाही, त्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट आणायचा प्रयोग उन्हाळ्यात सुरू झाला. माणसं आली, माळशिरसच्या शाळेवर मनोरा उभारून आमच्या पत्र्यावर अँटेना लावून गेली. थेट जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखा!

तो बघून सगळ्यात खूश झाले अजिनाथ तात्या, आप्पांचे म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. जन्मभर मेंढरं राखली, लग्न केलं नाही. वस्तीवर एकच टीव्ही होता तेव्हा रविवारच्या सिनेमाला अँटेना धरून उभे राहायचे ते हेच. हात सोडला की पडद्यावर मुंग्या. अख्खी वस्ती खाली सिनेमा बघायची, तात्या वरून ऐकायचे. संपला की आप्पा वर चढून त्यांना गोष्ट सांगायचे. कोण मेलं, कुणाचं लगीन झालं, सगळं.

कालच्या वाऱ्यानं नव्या अँटेनाच्या पाइपाची पकड निसटली. दुरुस्तीवाले परवा येणार. तात्या कुणाला न विचारता शिडी चढले होते.

मी अंगणात धावले. "तात्या, तोंड कुणीकडं केलंय त्याचं?"

"सोलापूरकडं! टीव्ही तिकडनंच येतो की."

"आवो, ह्यो टीव्ही न्हाय! माळशिरसकडं फिरवा. शाळंवरचा मनोरा दिसतोय न्हवं, तिकडं!"

"मावळतीला व्हय? मग आदी सांगायचं की, येडे!"

पत्रा कडकड वाजला. त्यांचा पाय घसरला, सावरला.

"आलं! दादा, हलू नगंस!" आप्पा ओरडले.

मॅडम दिसल्या. गणित विचारलं, विज्ञान का घ्यायचं ते विचारलं. मी उत्तरं देत होते आणि अर्धा कान पत्र्यावर. एकदा मॅडम तोंड उघडं ठेवूनच थिजल्या. गेलं, संपलं! वर पत्रा हलकेच कुरकुरला आणि मॅडम परत बोलायला लागल्या.

"वर कसला आवाज येतोय, पूनम?"

"माझे तात्या आहेत मॅडम. अँटेना धरून उभे आहेत. ते हलले तर तुम्ही जाल."

मॅडम हसल्या. मग गंभीर झाल्या. शेवटी म्हणाल्या, "कळवू."

नुसतं कळवू! हो की नाही, काहीच नाही. मी तांब्या भरून घेतला आणि बाहेर आले.

ऊन डोक्यावर आलं होतं. वहाणा शिडीखाली तशाच. तात्या तापल्या पत्र्यावर कधी या पायावर, कधी त्या पायावर उभे होते. दोन्ही हात पाइपाला, नजर मनोऱ्याकडं.

"तात्या, झालं!"

"मुंग्या आल्या का गं?"

"न्हाय. एकदाच थांबलं."

"घेतली का मग तुला?"

"कळवू म्हनल्या."

मी शिडी चढले, तांब्या पुढं केला.

"पयल्यापासनं सांग," तात्या म्हणाले.

मी सांगायला लागले. मॅडमच्या चष्म्यापासून. तांब्या घ्यायला त्यांनी एकच हात सोडला.