कुणाच्या लाईटवर

"मामा, तुमची चूल ऱ्हाऊ द्या आज," रामकिशन म्हणाला. गाभाऱ्यातून देव उचलून आणावा तसा त्याने तो निळा डबा दोन्ही हातांनी जीपच्या बॉनेटवर ठेवला. "साहेबांचा डबा आपोआप गरम होतोय. वायर लावली की वीस मिंटं."

शेषेराव बांधावर तीन दगड मांडत होता. त्याने मान वर केली नाही. "आपोआप तर तापबी चढतोय," तो म्हणाला.

रामकिशन मनापासून हसला. हाच त्याचा मोठा दोष होता. त्याला टोमणा लागत नसे.

शेषेराव मोजणी कार्यालयात सव्वीस वर्षे शिपाई होता. लोखंडी साखळी ओढून त्याने तालुक्याची निम्मी शिवारे मोजली होती. पुढे साखळी गेली, आणि आता रोव्हर नावाची काठी आली. ती आकाशातल्या उपग्रहांना विचारून हद्द सांगते, शेषेरावला विचारत नाही. त्याच्याकडे उरले होते ते फक्त दुपारचे जेवण.

पण ते जेवण साधे नव्हते. मोजणीच्या दिवशी दोन शेजाऱ्यांपैकी एकाचे ताक प्यायले तरी दुसरा हरकत घेतो. मोठ्या घासांचा जिथे आवाजही होत नाही, त्या राज्यात लहान घासाला साक्षीदार फार. म्हणून शेषेरावने स्वतःचा एक कायदा केला होता. चूल बरोबर बांधावर मांडायची, ना या अंगाला ना त्या अंगाला. तुराट्या आणि गोवऱ्या घरून पोत्यात आणायच्या, म्हणजे 'आमच्या सरपणावर जेवले' असे कुणी म्हणायला नको. पाणीही घरचेच. सहा साहेब त्याच्या विस्तवावर जेवून बदलून गेले, पण जेवणावरून एकही मोजणी अडली नाही. आणि दिवसातली ती वीस मिनिटे साहेब आणि शिपाई एकाच जमिनीवर, एकाच उंचीवर बसत. सरकारच्या उतरंडीत एवढी सपाट जागा दुसरी नव्हती.

उमाशंकर साहेबही दोन हिवाळे असेच बसले होते. उदगीरला असलेल्या आईच्या आजारपणाचे त्यांनी कार्यालयात कुणाला सांगितले नव्हते. शेषेरावला सांगितले होते, कडक शेकलेल्या भाकरीचा पापुद्रा काढता काढता. यंदा थंडी अंगात शिरू लागली आणि साहेबांच्या बायकोने, अंजूताईंनी, हा विजेचा डबा मागवला. शेषेरावच्या घरात जणू सवत आली. चार महिन्यांपूर्वी भाड्याच्या जीपबरोबर आलेला ड्रायव्हर रामकिशन त्या सवतीची पाठराखीण झाला. रोज दुपारी काचा वर करून दोघे जीपमध्ये जेवत. शेषेराव बाहेर विस्तवापाशी एकटा बसून पाहत असे. काचेआड कुणी हसले की ऐकू येत नाही, आणि म्हणून ते आपल्यालाच हसले असे वाटते. त्या डब्यात भाकरीला घाम सुटतो, ती फडक्यासारखी होते, हे त्याने हेरले होते. साहेब आता भात आणू लागले होते. एका डब्यासाठी माणूस भाकरी सोडतो, हे त्याला बाईलवेडेपणापेक्षाही हलके वाटले.

आज मोजणी पार्वतीबाईची होती. नवरा गेल्यापासून शेजारचा गुरुपादप्पा दर नांगरटीला तिच्या बांधाचा एकेक तास, नांगराची एकेक ओळ, खात आला होता. तेवढ्या पट्ट्यात त्याने हरभरा पेरला होता, आणि तारकुंपणाचे सिमेंटचे खांब कडेला आणून टाकले होते. एकदा ते रोवले की बाईने जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात. सकाळपासून रोव्हरने तीन खुणा दिल्या. तिन्ही गुरुपादप्पाच्या हरभऱ्यात, आत नऊ फुटांवर. शेषेरावने तिथे चुना टाकला. दोन खुणा राहिल्या, तेवढ्यात जेवणाची वेळ झाली.

जीपमधले वायर लावायचे भोक त्या दिवशी नेमके मेले. रामकिशनने दोनदा फुंकर मारली, शिव्या घातल्या आणि डबा काखेत मारून तो पार्वतीबाईच्या आखाड्याकडे, शेतातल्या तिच्या घराकडे, निघाला. साहेब जीपमध्ये नकाशावर मान घालून होते.

"मावशे, एवढी वायर लावू का? घरातली दुसरी वायर हाय याला."

"लाव की बाबा," आखाड्याच्या दारातून पार्वतीबाई म्हणाली. "लाईट हाय आत्ता. थंडीचं गारढोण खाऊ नाय."

शेषेरावने ते पाहिले. एका शब्दाचे काम होते: 'न्हाई.' ताकाच्या तांब्यांना, गुळाच्या खड्यांना त्याने सव्वीस वर्षे तोच शब्द सुनावला होता. तो ओठांपर्यंत आला. शेषेरावने तो गिळला, आणि त्याला तो गोड लागला.

थोड्या वेळाने गुरुपादप्पा हात शेकायला विस्तवापाशी टेकला. "काय मामा, एकलेच? साहेबाचा डबा न्हाई तापवायचा?"

"तापून ऱ्हायलाय की."

"कुटं?"

शेषेरावने एक तुराटी मोडून आत सारली. "बाईच्या आखाड्यावर. लाईटवर."

तो खरे तेच बोलला. रामकिशनला चार लोकांत बोलणी बसावीत, तो डबा पुन्हा शिवारात दिसू नये, एवढाच त्याचा हिशेब होता. मत्सराची नजर एका माणसापुरतीच लांब असते; त्या माणसाच्या मागे कोण उभे आहे, हे तिला दिसत नाही.

गुरुपादप्पाने हात झटकले, मोबाइल काढला आणि आखाड्याच्या दारात जाऊन त्या निळ्या डब्याचे, त्यावरच्या लाल दिव्याचे आणि भिंतीवरच्या मीटरचे शांतपणे चित्रण केले. मग तो जीपशी आला.

"साहेब, मोजणी बंद करा. तुमी एका पार्टीकडं जेवले."

"अप्पा, डबा माझ्या घरचा आहे," उमाशंकर साहेब म्हणाले. "जेवलोसुद्धा नाही अजून."

"डबा तुमचा. ऊब कुणाची?"

"वीज काय कुणाची असते का?"

"मीटर हाय की तिच्या नावाचं," गुरुपादप्पा म्हणाला. "मी लेखी हरकत देऊन ऱ्हायलो. घेत न्हाई म्हणा, मंग वर जातो."

साहेबांचे कान लाल झाले. कायद्याच्या पुस्तकात याला उत्तर असेल. पण साहेबांना नोकरी लागून तीनच वर्षे झाली होती, आणि चित्रण तोवर गावाच्या ग्रुपवर गेले होते. त्यांनी हरकत घेतली. काठी मिटली. रामकिशन गार झालेला डबा घेऊन खाली मान घालून उभा होता.

"मामा, तुम्ही बघितलं नव्हतं?" साहेबांनी विचारले.

"मला त्या डब्यातलं काय कळतंय, साहेब."

साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. "उद्यापासून बांधावरच बसू," ते म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

हेच शेषेरावला हवे होते. भुकेल्या पोटी मागितलेला घास पोट भरल्यावर ताटात पडावा, तसे ते शब्द त्याच्यासमोर पडून राहिले.

तो चुन्याची पिशवी आवरत असताना पार्वतीबाई आली. "भाऊ, आता पुन्यांदा कवा?"

"कागद येईल."

"उन्हाळ्याआदी?"

शेषेरावला माहीत होते, उन्हाळ्याआधी नाही. पलीकडे गुरुपादप्पाची माणसे पहिला खांब उचलायला लागली होती. "बघू," तो म्हणाला.

"माझंच चुकलं. लाव म्हनले मी." तिने डोळ्याला पदर लावला नाही, ती फक्त सांगत होती. "त्या पोराला काय म्हाईत. तुमी तेवढे इमानी, भाऊ. तुमाला कुनी नाव ठिवनार न्हाई."

तो नको म्हणायच्या आत तिने त्याचे पोते उचलून डोक्यावर घेतले. जीपकडे जायची जवळची वाट त्या नऊ फुटांतून होती. सकाळी काठीने ती जमीन तिची असल्याचे सांगितले होते. चुन्याच्या तीन पांढऱ्या खुणा अजून ठळक होत्या. पार्वतीबाईने लुगडे सावरले आणि बांधाच्या वीतभर माथ्यावरून, पलीकडच्या एकाही हरभऱ्याला पाय लागणार नाही अशी, तोल सांभाळत ती चालू लागली. शेषेराव तिच्या मागे, तिच्या पावलांत पाय टाकत.