प्रमोदिनीबाईंची रिअर साइट

दोन महिने प्रमोदिनीबाईंचे छर्रे कागदावर वाट्टेल तिथे जात होते, आणि दोन महिने दोष प्रमोदिनीबाईंचाच ठरत होता.

पुण्याहून लेकीकडे, सर्जापूर रोडला राहायला आल्यावर त्यांनी साठाव्या वर्षी जे. पी. नगरच्या एका क्लबात एअर रायफल शिकायला घेतली होती. तिथली कोच अनुषा त्यांच्या निम्म्या वयाची. "आंटी, तुमचं कोपर हलतंय," ती म्हणाली. बाईंनी कोपर सुधारलं. मग श्वास चुकतोय म्हणून प्राणायाम शिकल्या. नाडी जलद म्हणून चहा सोडला, चष्मा बदलला. शेवटी, "तुमच्या मनात काहीतरी जुनं अडकलंय," असं अनुषानं सांगितल्यावर बाईंनी घरी येऊन नवऱ्याला, सूर्यकांतरावांना, पस्तीस वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत केलेल्या अपमानाबद्दल मनापासून माफ केलं. सूर्यकांतरावांना तो अपमान आठवेना. त्याची सविस्तर आठवण करून द्यावी लागली आणि त्यावरून चार दिवस अबोला झाला. छर्रे मात्र तसेच भरकटत राहिले.

पाचव्या दिवशी त्या घरी आपली रायफल पुसत होत्या. बारीक भोकातून नेम धरायची ती मागची साइट फडक्यात अडकली आणि खट् वाजली. बाईंनी बोटानं ढकलून पाहिलं. खट्. उलट ढकललं. खट्.

"अहो, इकडे या! मी नाही हलत! ही हलते!"

सूर्यकांतरावांनी साइट हलवून पाहिली. लेकीनं पाहिली. बाईंनी खाली जाऊन गेटवरच्या वॉचमनलाही हलवायला लावली, कारण बाहेरचा एक साक्षीदार हवाच होता.

"म्हणजे मला दिलेली माफी आता परत घेणार का?" सूर्यकांतरावांनी विचारलं.

"त्याचं नंतर बघू," बाई म्हणाल्या आणि रायफलची लांब पेटी घेऊन रिक्षात बसल्या.

एवढं बारीक काम घड्याळवाल्यालाच जमेल, म्हणून त्यांनी मल्लेश्वरममधलं मल्लाप्पाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान गाठलं. मल्लाप्पा निपाणीकडचा, मराठी बोलणारा. पेटीत तंबोरा असेल असं समजून त्यानं आदरानं काउंटर मोकळा केला. झाकण उघडताच बाकावर घड्याळांची वाट बघत बसलेले दोन आजोबा उठून उभे राहिले.

"घाबरू नका, हवेची आहे," बाई म्हणाल्या.

मल्लाप्पानं डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ साइट न्याहाळली. "अक्का, स्क्रू घट्टच हायत की. खालची खाच झिजलीय, म्हणून प्ले हाय, ढिलं हलतंय. मधी स्वल्प पत्रा घालायला लागतोय बगा. केसाएवढा."

केसाएवढा पत्रा कुठून आणायचा, यावर दुकानात चर्चा सुरू झाली. एका आजोबांनी आपली सुपारीची डबी पुढे केली. जाड निघाली. दुसऱ्यांनी कॉफीच्या पाकिटाची चांदी काढली. ती चुरगळली. मग पहिल्या आजोबांना थंड पेयाचा डबा सुचला आणि ते स्वतः जाऊन घेऊन आले. पण डबा भरलेला. दोन्ही आजोबांना साखरेचा त्रास, मल्लाप्पाचा उपवास. ओतून टाकावं, हे चौघांपैकी कुणालाच सुचलं नाही. शेवटी प्रमोदिनीबाईंनी भिंतीला टेकून तो अख्खा डबा संपवला. बाकीचे तिघे उभे राहून त्यांच्याकडे बघत होते.

मल्लाप्पानं डब्याची एक चिंचोळी पट्टी कातरली, कडा घासल्या, खाचेत सरकवून स्क्रू आवळले. "बगा आता."

बाईंनी ढकललं. साइट हलली नाही. दोन्ही आजोबांनीही ढकलून खात्री केली.

"सरी? बरोबर?" मल्लाप्पानं कानडी-मराठीत विचारलं.

"सरी," म्हणत बाईंनी पेटीचं झाकण लावलं.

रविवारी क्लबात महिन्याचा सामना होता. बाई चार नंबरच्या जागेवर उभ्या राहिल्या. शेजारी पाच नंबरवर गिरीराज, धारवाडहून आलेला, कंपनीत कोड लिहिणारा अबोल माणूस. त्याचे छर्रे सहसा कागदालाही लागत नसत. बाईंनी डोळा साइटला लावला. समोर काळा गोल असा गप्प बसलेला, की त्यांनी आजवर तसा पाहिलाच नव्हता. त्याच्यावरचा नंबर बघायचंही भान राहिलं नाही. दहा छर्रे त्यांनी एका लयीत सोडले.

कागद सरकत आले. प्रमोदिनीबाईंचा कागद कोरा करकरीत होता. गिरीराजच्या कागदावर बरोबर दहा भोकं होती, सगळी काळ्यात, शंभरातले शहाण्णव.

बाईंना क्षणात उमगलं. त्या तोंड उघडणार तोच गिरीराजनं आईला फोन लावला. बोलताना त्याचा आवाज फुटत होता. अनुषानं त्याला मिठी मारली आणि जिल्ह्याच्या संघात त्याचं नाव लिहून टाकलं. मग ती बाईंकडे वळून हळूच म्हणाली, "आंटी, इतकं मनाला लावून घेऊ नका हं."

बाईंनी तोंड मिटलं. आपले शहाण्णव परत मागायचे तर त्या आईला फोन कोण करणार?

रायफल पेटीत ठेवत असताना गिरीराज जवळ आला. डोळे अजून ओलेच होते. "मॅडम, एक रिक्वेस्ट. तुम्ही शेजारी असलात की माझा हात स्थिर होतो. जिल्ह्याच्या मॅचला शेजारी उभ्या राहाल का?"

प्रमोदिनीबाईंनी पेटीच्या कड्या लावल्या.

"राहीन की," त्या म्हणाल्या. "फक्त तुमचा नंबर कोणता, ते आदल्या दिवशी कळवा."