गवंडीकाकांचा पाय
वर्गात सगळ्यात बुटकी म्हणून तिला बारकी म्हणत. घरीही तेच नाव रुळलं होतं. ती सातवीत गेली त्या वर्षी शाळेने एक नवीनच टूम काढली. पुढे कोण व्हायचं ते नुसतं निबंधात लिहायचं नाही, आठवडाभर खऱ्या कामाच्या जागी जाऊन हात मळवायचे. चिठ्ठ्या काढल्या. बारकीचा जीव बेकरीत अडकला होता, पण बेकरी गेली मैत्रिणीकडे आणि हिच्या चिठ्ठीत निघाला कृत्रिम पायांचा कारखाना. तिचं तोंड एवढंसं झालं. आईने समजूत घातली, की आठवडाच तर आहे, बघता बघता जाईल.

कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली निघाली. भिंतीवर खुंट्यांना रबरी पावलं लटकत होती, डावी एकीकडे, उजवी एकीकडे, आणि फळीवर गुडघ्यापासूनचे पांढरे पाय ओळीने उभे. तिथल्या मुख्य कारागीर बाई कोपरापर्यंत प्लास्टरने पांढऱ्याफटक होत्या. त्यांनी दिलेला ॲप्रन बारकीच्या घोट्यापर्यंत आला. ती त्यांना मॅडम म्हणाली, तर त्यांनी सांगितलं की मॅडम शाळेत, इथे ताई.

त्या सोमवारी एक गवंडीकाका आले होते. बांधकामाच्या परांचीवरून पडून त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला होता. आधी बसवलेला पाय इतका टोचायचा, की तो कपाटात पडून आणि काका दोन वर्षं कुबड्यांवर. ताईंनी त्यांच्या उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या, घट्ट झाल्यावर अलगद ओढून काढल्या, तर हातात पोकळ साचा आला. त्यात ओतायचं प्लास्टर कालवायचं काम त्यांनी बारकीवर सोपवलं.

बारकीने पावडरीवर धो धो पाणी ओतलं. गुठळ्याच गुठळ्या झाल्या. त्या फोडत बसली तोवर बादलीत दगड तयार. ताई काही बोलायच्या आत बाकावरून काकाच म्हणाले,

"पोरी, आधी पाणी. मग पावडर, चाळून टाकल्यासारखी. आणि मग जरा गप्प बसायचं. तिला पाणी पिऊ द्यायचं."

दुसऱ्या खेपेला तिने तसंच केलं. पावडर बेटासारखी तरंगली, हळूहळू भिजली आणि बुडाली. ढवळल्यावर सायीसारखं दाट प्लास्टर झालं. ते साच्यात ओतून तिने सहज हात लावला आणि झटकन मागे घेतला. साचा गरम होत चालला होता. ना शेगडी, ना विस्तव, आणि तरी गरम! काका गालातल्या गालात हसले. तीस वर्षं याच मालात हात घातलेत, म्हणाले, तरी दर वेळी वाटतं, ही ऊब येते कुठून?

मंगळवारी पट्ट्या सोलल्या, तर आतून काकांचाच पाय निघाला. नडगी, गुडघ्याची वाटी, टाक्यांचा व्रणसुद्धा. बारकीने त्या व्रणावरून हळूच बोट फिरवलं.

ताईंनी समजावलं, की काकांचा पाय ज्या कपात बसणार तो कप याच पांढऱ्या पायावरून घडणार. मांसल भाग भार सोसतो, तिथे थोडं घासायचं. हाडाला भार सोसत नाही, तिथे भर द्यायची. इथे खळगा राहिला, तर कपाच्या आत तिथे उंचवटा येणार आणि तोच टोचणार. दोघी दीड दिवस घासत होत्या. बुधवारी दुपारी ताई म्हणाल्या, आता डोळे मीट आणि बोटांनी बघ.

बारकीने डोळे मिटले. गुडघ्यावरून खाली, नडगीच्या कडेकडेने. मग ती थांबली.

"ताई, इथे खाली जातंय."

ताईंनी बोट फिरवलं. त्यांना काही लागेना. बावीस वर्षं घासून त्यांच्या बोटांची टोकं टणक झाली होती. पण त्यांनी बारकीला मोडीत काढलं नाही. दिवा आणला आणि आडवा धरला. नडगीच्या टोकापाशी मसुराएवढी सावली पडली. खोलीतले बाकीचे कारागीरही वाकून बघून गेले.

"माझ्या हातून सुटलं होतं," ताई म्हणाल्या. "आता तूच भर."

गुरुवारी प्लास्टिकचा जाड पांढरा पत्रा भट्टीत ठेवला. बारकी काचेतून बघत होती. हळूहळू कडेपासून पांढरेपणा उतरत गेला आणि पत्रा पाण्यासारखा आरपार झाला. ताईंनी मोठे हातमोजे घालून तो पांढऱ्या पायावर पांघरला, पंपाने आतली हवा खेचली, आणि पत्रा वळणावळणाला चिकटत गेला. निवताना पुन्हा पांढरा.

शुक्रवारी काका आले. कपाला खाली नळी, नळीला पाऊल. ते धरून चालायच्या दोन दांड्यांच्या मध्ये उभे राहिले, पाय आत घातला आणि भार टाकला. ताईंनी विचारलं, टोचतंय का. काकांनी भार या पायावरून त्या पायावर केला.

"थांबा, शोधतोय," काका म्हणाले. "सापडतच नाही."

मग त्यांनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. ताई वाकून नळीचा स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवत होत्या. पाचव्या-सहाव्या फेरीत काकांचे हात दांड्यांवरून सुटले आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. ते तसेच समोरच्या भिंतीपर्यंत गेले, तिच्यावरून तळवा फिरवला, एक डोळा मिटून वर बघितलं.

"ही कोणी बांधली? ओळंब्यात नाही, कललीय."

सगळे हसले. काकाही हसले. मग वळले आणि बारकीला विचारलं, तू भरलंस ते नेमकं कुठे. तिने कपावर बोट ठेवलं. काकांनी तिथे अंगठा दाबला आणि मान हलवली, एका गवंड्याने दुसऱ्या गवंड्याकडे बघून हलवावी तशी.

संध्याकाळी बारकी घरी निघाली. रस्ता नेहमीचाच, पण तिला पुढे जाववेना. एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन फुटपाथवर चढल्या; टाच उचलली, गुडघा वाकला, सगळा भार क्षणभर एकाच पायावर, आणि त्या मात्र फोनवर बोलत होत्या. एक आजोबा रेंगाळत होते, एक पोरगं लंगडी घालत होतं. शेकडो माणसं चालत होती आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

बारकी घरी पोचून जिन्याच्या पायथ्याशी थांबली, तोवर वाट बघून आई जिन्यावर आली होती. "काय गं, अशी खांबासारखी का उभी?"

"आई," बारकी म्हणाली, "एकदा वर जा आणि पुन्हा खाली ये ना. हळू."

आई पुटपुटत वर गेली आणि एकेक पायरी उतरू लागली. बारकी खाली उभी राहून बघत होती.