आभाळाला दिलेला शेक

मित्रांनो, आष्ट्याच्या मळ्यात नाथाजी हवालदारांच्या गोठ्यामागे कधी आलात, तर शेणकाल्याच्या खड्ड्यावर पालथं घातलेलं एक भलंमोठं काळं पिंप तुम्हाला दिसेल. हसू नका. ते पिंप नव्हे, ती मी. गोबर गॅसची टाकी! माझं वय सहाच वर्षांचं, पण लोखंडाचं आणि शेणाचं पटत नाही. त्यामुळे मी आत्ताच जख्ख म्हातारी दिसते आणि अंगावर गंजाच्या खपल्या धरल्या आहेत. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मला जो धक्का बसला तो वेगळाच आहे, आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म सांगलीचा. रहिमान मिस्तरींच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला वळवलं, जोडलं, झाळलं. मिस्तरी मोठे चिकाटीचे माणूस. आत हवा भरून त्यांनी माझ्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फिरवलं आणि चष्मा पुसत बुडबुडे शोधत बसले. दोन ठिकाणी सापडले, तर ते दोन्ही जोड उकलून पुन्हा केले. मग काळा रंग दिला. मला न्यायला नाथाजी हवालदार ट्रॉली घेऊन आले, तेव्हा मिस्तरी त्यांना म्हणाले, "हवालदार, मी एक बुडबुडा सुटू दिला न्हाई. आता तुमी सोडू नका."

"काय बोलताय मिस्तरी! मी पल्टनीतला मानूस हाय," हवालदार मिशीवर हात फिरवत म्हणाले.

माझं काम सोपं आहे. खालच्या खड्ड्यात शेणपाण्याचा काला कुजतो, त्यातून गॅस निघतो आणि तो माझ्या पोटात साठतो. पोट भरलं की मी वर उचलली जाते, गॅस वापरला की खाली बसते. पहिले वीस दिवस मात्र पेटण्याजोगा गॅस धरेना. येणारा-जाणारा विचारी, "कवा पेटायची रं तुझी टाकी? शिमग्याला?" मी लाजेने अर्धी झाले होते. एकविसाव्या दिवशी हवालदारांच्या मंडळींनी, चंद्राबाईंनी, शेगडीची तोटी फिरवून काडी ओढली आणि निळाशार जाळ उभा राहिला. चंद्राबाईंनी चहा केला, रिकामं पातेलं पालथं केलं आणि बुडाखालून बोट फिरवलं. बोट स्वच्छ!

"आवं, ह्याला काजळीच न्हाई! धूर न्हाई, काय न्हाई!" त्या हवालदारांना बोट दाखवत ओरडल्या.

त्या दिवसापासून माझा तोरा विचारू नका. माझ्या जाळाच्या निळ्या रंगाचा मला केवढा अभिमान वाटे! आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका माझा जाळ बघायला येत, आणि चंद्राबाई प्रत्येकीला ते स्वच्छ बोट दाखवत.

फक्त भाकरी मात्र चुलीवरच होई. तव्यावरून काढलेली भाकरी चुलीतल्या आराला टेकवल्याशिवाय फुगत नाही, असं चंद्राबाईंचं ठाम मत. त्यामुळे चहा, आमटी, अंघोळीचं पाणी एवढंच माझ्या वाट्याला आलं आणि रोज बराच गॅस उरू लागला. मी काठोकाठ भरून वर येई आणि कडेने बुडबुड बुडबुड गॅस वाया जाई. मला मिस्तरींचं बोलणं आठवे आणि जीव कासावीस होई.

हे हवालदारांच्याही लक्षात आलं. पल्टनीतून पेन्शनीवर आल्यावर ते दोन वर्षं गुजरातेत तेलाच्या विहिरींवर पहारेकरी होते. एका संध्याकाळी ते चंद्राबाईंना सांगू लागले, "तिथं जमिनीतनं त्याल काढत्यात. त्यालासंगं गॅसबी वर येतो. तो नुस्ता सोडला तर कवा पेट घील सांगता येत न्हाई. म्हून ताडाएवढा नळ उभा करत्यात आन् टोकाला पेटवून देत्यात. बारा म्हयनं जळतोय. रातीला दोन कोसावरनं दिसतोय!"

"आन् त्येच्यावर शिजवत्यात काय?" चंद्राबाईंनी विचारलं.

"शिजवतंय कोन? नुस्तं जाळायचं."

मी ऐकलं आणि गारच पडले. बारा महिने जाळ, आणि वर एक पातेलंसुद्धा नाही? मला वाटलं, हवालदार थट्टा करत असतील. पण ते खरंच सांगत होते, आणि डोळे असे चमकत होते की मला पुढचं दिसू लागलं.

आठवड्यात त्यांनी वीस फुटी नळ आणला, माझ्या तोटीला जोडला आणि गोठ्याच्या खांबाला बांधून उभा केला. संध्याकाळी टोकाला जाळ लागला. वितभर पिवळी ज्योत वाऱ्यावर हलू लागली. मळ्यातली माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं, "लय भारी, हवालदार!" आणि तिथेच सगळं बिघडलं. दुसऱ्या दिवशी ज्योत हातभर व्हावी म्हणून हवालदारांनी माझ्या डोक्यावर दोन धोंडे ठेवले. चौथ्या दिवशी कुणीतरी नळाच्या बुडाशी हळदकुंकू वाहून नारळ फोडला. पंधरा दिवसांत पार बागणी गावाहून माणसं ज्योत बघायला येऊ लागली. हवालदार इस्त्रीचा सदरा घालून तिच्याखाली उभे राहत आणि गुजरातेच्या गोष्टी सांगत.

मित्रांनो, पुढचं ऐका. ज्योत दिवेलागणीपर्यंत टिकावी म्हणून माझं पोट दिवसभर भरलेलं हवं. तेव्हा एका सकाळी हवालदारांनी चंद्राबाईंना सांगितलं, "आजपास्नं च्या चुलीवर करायचा. गॅसला हात लावायचा न्हाई."

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. आधी उरलेला गॅस जळत होता, आता जाळायला गॅस राखायचा! चंद्राबाईंनी पातेलं चुलीवर ठेवलं, आणि दोन दिवसांत ते पुन्हा काळं झालं. मी वर नळाच्या टोकाला नाचत होते, खाली आमच्या घरातून धूर निघत होता. मी किती शरमले म्हणून सांगू! पण टाकीला तोंड नसतं. जिकडे तोटी फिरवाल तिकडे तिला जावं लागतं.

हवालदारांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको, शालूबाई, पाटापलीकडच्या खोपटात राहत असे. ती आमच्याकडे रोज ताक न्यायला येई, आणि काड्या भिजल्या असतील तर खापरात विस्तवही घेऊन जाई. आमच्याकडे ताक आणि विस्तव मागायला आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही. त्या वर्षी श्रावणात तिची लेक अंजना पहिल्या बाळंतपणाला आली आणि तिला मुलगी झाली. पाऊस सारखा झिमझिमत होता. पाचट ओलं, पऱ्हाट्या ओल्या, गोवऱ्या ओल्या. इकडे ज्योत विझू नये म्हणून हवालदारांनी नळाच्या टोकावर पत्र्याची छत्री बसवली होती.

बाळंतिणीला आणि बाळाला शेक लागतो. खोलीत शेगडी ठेवायची, वर ओवा टाकायचा, आणि वारं लागू नये म्हणून दार लावून घ्यायचं, ही इथली रीत. बाराव्या दिवशी दिवेलागणीला शालूबाईने ओल्या गोवऱ्यांची शेगडी पेटवली, दार ओढलं आणि पाण्याला गेली.

चार घरची माणसं इरली पांघरून ज्योतीखाली उभी होती. हवालदार बोलत होते. चंद्राबाई डिंकाची खीर घेऊन पाट ओलांडून खोपटाकडे गेल्या. पाठोपाठ त्यांची किंकाळी ऐकू आली. मग त्या पावसातून धावत आमच्या अंगणात आल्या. पदरात बाळ होतं. मागून खोकत, भिंतीला धरत अंजना येत होती.

"उजेडात धरा! पोरीला उजेडात धरा!" कुणीतरी म्हणालं.

उजेड होता तो माझाच. त्या ज्योतीच्या उजेडात मी बाळाचं तोंड पाहिलं. ओठ निळे होते. मित्रांनो, ज्या निळ्या रंगाचा मला इतका अभिमान होता, तोच रंग मी त्या एवढ्याशा ओठांवर पाहिला. रडणं नाही, हालचाल नाही. मी लोखंडाची, तरी माझ्या अंगातून कळ गेली. धुराने कोंडलेलं ते बाळ माझ्यापासून चाळीस पावलांवर होतं, आणि मी आभाळात जळत होते!

चंद्राबाईंनी बाळाला पालथं हातावर घेतलं आणि पाठीवर थापट्या मारू लागल्या. एक, दोन, कितीतरी. मग बारीकसा खोकला आला आणि पोरीने टाहो फोडला. तिथली सगळी माणसं एकदम रडल्यासारखी हसली.

चंद्राबाई मात्र हसल्या नाहीत. बाळ अंजनाच्या कुशीत देऊन त्या हवालदारांसमोर उभ्या राहिल्या आणि नळाच्या टोकाकडे बोट केलं.

"आवं, त्या आभाळाला कसला शेक देताय? आभाळ बाळंत झालंय व्हय?"

हवालदारांची नजर त्या बोटामागून वर ज्योतीकडे गेली.

"इस्तू मागाय आलेल्याला आपन न्हाई म्हनत न्हाई. आन् शालूआक्काच्या घरात ह्यो धूर, आन् तुमी छत्री लावून वर जाळ करताय!"

हवालदारांनी स्वतःच्या हाताने तोटी बंद केली. ज्योत विझली. माणसं गुपचूप घरी गेली. हवालदार पावसात माझ्या कडेला टेकून बसले. मला वाटलं, ओरडतील, नाहीतर धोंडा फेकतील. ते हळूच म्हणाले, "तिथं गुजरातेत त्या ज्योतीच्या उजेडात गावच्या बाया काटक्या येचाय यायच्या गं. डोक्यावर मोळ्या घिऊन जायच्या. मी दोन वर्सं त्यांना हाकललं. मला कवा काय वाटलं न्हाई."

चंद्राबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी आपला पदर हवालदारांच्या डोक्यावर धरला. मला मात्र दुसरा धक्का बसला होता. इतका वेळ मला वाटत होतं की ही चूक आमच्या मळ्यातच झाली. ती तर तिकडे मोठमोठ्या जाणत्या माणसांच्या डोळ्यांदेखत रोज होत होती, आणि खालून मोळ्या चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हवालदार सांगलीहून रहिमान मिस्तरींना घेऊन आले. मिस्तरींनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "हवालदार, मी बुडबुडा सोडू नका म्हनलो, आन् तुमी मशाल लावली!" उभा नळ त्यांनी आडवा केला, त्याला आणखी नळ जोडले आणि पाटावरून शालूबाईच्या घरात नेले. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फिरवलं. संध्याकाळी बाळाच्या अंघोळीचं पाणी माझ्या जाळावर तापलं. शालूबाईने पातेल्याच्या बुडाखालून बोट फिरवलं, आणि डोळ्यांचं पाणी त्याच बोटाने पुसलं. डोळ्याखाली डाग पडला नाही.

चंद्राबाईंनीही आपली भाकरी गॅसवर आणली. "फुगंना झाली तर फुगंना," असं म्हणत त्यांनी पहिली टाकली. ती टम्म फुगली. त्यावर त्या आजवर काही बोललेल्या नाहीत.

आता पाच वर्षं झाली. ती पोर आजोळी येते, माझ्याभोवती फेर धरते. हवालदार थकले, आणि दोन पावसाळे मला रंग लागला नाही. परवा माझ्या कुशीला बोराच्या बीएवढं भोक पडलं. तिथून गॅस फुसफुसू लागला आणि मी पुन्हा कासावीस झाले. नेमकी ती पोर जवळ खेळत होती. तिने नाक वर केलं आणि ओरडत घरात पळाली, "आज्जी, टाकीतनं वाया चाललंय! टाकीतनं वाया चाललंय!" चंद्राबाई पिठाच्या हाताने धावत आल्या. शालूबाई आली. हवालदार काठी टाकून आले आणि त्यांनी भोकावर आपला अंगठा दाबून धरला.

उद्या मिस्तरी मला बाहेर काढून धुणार आहेत, ठिगळ लावणार आहेत आणि मला रंग मिळणार आहे. मित्रांनो, दरसाल मला रंग द्या, एवढं माझं मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. कुठे दूरवर उंच जाळ दिसला, तर त्याला हात जोडू नका. त्याच्यावर पातेलं आहे का, ते बघा. आणि नसेल, तर जवळपास कुठल्या घरातून धूर निघतोय, ते शोधा.