लाल दोरा

रविवार, दिनांक २० एप्रिल २०२५. दुपारचा एक वाजून दहा मिनिटे. यावल-भुसावळ रस्त्यालगतचे केळी पिकवण्याचे एक खासगी शीतगृह, दालन क्रमांक दोन. या दालनाच्या जाडजूड पत्र्याच्या दाराशी नासीरभाईंनी आपली अवजारांची पेटी टेकवली, आणि आयोजक ललितने पुढे केलेल्या चिकटपट्टीच्या गोल तुकड्याकडे असे पाहिले, की त्याचा हात आपोआप निम्मा मागे आला.

“कॅमेऱ्यावर लावायची, नासीरभाई. आत फोटो काढायला बंदी आहे.”

“माझ्या फोनला कॅमेरा नाही.”

“तरी पण, नियम म्हणून...”

“ज्याला भोकच नाही, त्याला बूच कशाला?”

ललितने चिकटपट्टी खिशात घातली. नासीरभाईंचा पारा मात्र उतरला नाही. तो उतरण्याचे काही कारणही नव्हते. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला धुळ्याहून निघून, पारोळ्यापर्यंत एसटीत उभे राहून, जळगावला गाडी बदलून, त्रेचाळीस अंशांच्या उन्हात ते इथवर आले होते. आणि ज्यासाठी आले, ते ठिकाण रस्त्यावरच्या पानवाल्याला माहीत नव्हते, शेजारच्या पेट्रोलपंपाला माहीत नव्हते, पाटीवर नव्हते. विचारल्यावर ललितने फोनवर अभिमानाने सांगितले होते, की पत्ता गुप्तच ठेवायचा असतो. ज्या माणसाला दुरुस्तीसाठी बोलावले त्याच्यापासूनही गुप्त, हे नासीरभाईंना नवीन होते.

दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर जीवरामआबा बसले होते. ललितच्या काकांचे हे शीतगृह पंधरा वर्षे तेच चालवत. शनिवारी दालन रिकामे झाले होते, सोमवारी नवा माल यायचा होता, आणि मधल्या रविवारी मालकाच्या या पुतण्याने साठ पोरेपोरी आणून नाचायला सोडली होती. बारा ते चार. संध्याकाळी सगळ्यांना आपापल्या घरी वेळेवर पोचायचे होते.

“दर अर्ध्या तासाले दार उघडा म्हनून कवाचा सांगू राह्यलो,” आबा नासीरभाईंना म्हणाले, जणू त्यांची फार जुनी ओळख होती. “आतमधी हवा कोंडते, भाऊ. उद्या माल यायच्या आधी हे बठ्ठे पोट्टेच पिकतीन.”

“आबा, आज नको ना,” ललित वैतागून म्हणाला. “पुण्याहून तिघं आलेत. त्यांना आमच्या आर्टिस्टला ऐकायचंय. आवडलं तर जूनमध्ये पुण्याला बोलावतील, नाहीतर आमचा विषय कायमचा संपला. आणि काल रात्री लावून पाहिलं, तर बेस गायब!”

“आर्टिस्ट म्हणजे डीजे?”

“डीजे नका म्हणू, नासीरभाई. डीजे म्हटलं की लोकांना वरात आठवते. हे टेक्नो आहे, हाउस आहे.”

“वरातीत निदान नवरदेव तरी दिसतो,” नासीरभाई म्हणाले आणि अवजारांची पेटी उचलून आत शिरले.

आत अठरा अंशांची थंडी होती आणि पिकल्या केळ्यांचा मुरलेला वास. निळ्या दिव्याच्या मंद उजेडात पोरे मान हलवीत उभी होती. नाच म्हणावा असा तो नव्हता, वाट पाहणे होते. नासीरभाईंनी सवयीने घड्याळाच्या काट्यावर ठोके मोजले. मिनिटाला एकशे पंचवीस, आणि एकही इकडचा तिकडे नाही. तीस वर्षे त्यांनी वरातीच्या गाड्यांवरच्या स्पीकरचे फाटलेले पडदे बदलले होते. आवाज मोठा असणे वेगळे आणि आवाज असणे वेगळे, हा वाद ते धुळ्यातल्या प्रत्येक डीजेशी घालत आणि प्रत्येक वेळी जिंकत. तरी पडदे फाटायचे थांबले नव्हते. इथे निदान कोणी पडदा फाडत नव्हते. उलट, वाजवणारा फार जपून वाजवत होता. पण ठोक्याच्या तळाशी जो खर्ज हवा, तो नव्हता.

ते डाव्या भिंतीशी गेले. खर्ज होता. उजव्या भिंतीशी गेले. तिथेही होता. दालनाच्या मधोमध येऊन उभे राहिले, आणि तो पाण्यात मीठ विरघळावे तसा नाहीसा झाला.

“स्पीकरच्या चार पेट्या आहेत,” ललित त्यांच्या कानाशी ओरडला. “अजून दोन मागवू का अमळनेरहून?”

“दहा मागवा. आणखी कमी येईल.” नासीरभाईंनी हात झटकला. “एक पेटी उलटी जोडली आहे. तीन पडदे पुढे येतात तेव्हा चौथा मागे जातो. एक ढकलतो, दुसरा ओढतो, आणि मधल्याला काही मिळत नाही. कोणी जोडलं?”

“आमच्या समाधाननं. लाल तार लालला, काळी काळीला. तीनदा तपासलंय.”

“मग तीनदा चुकलंय.”

ललितने टेबलाकडे हातवारे करून संगीत थांबवले. दहा मिनिटे पाणी, अशी घोषणा झाली, दार उघडले, आणि बाहेरून आबांचा “आता कसं!” असा विजयी स्वर आला. नासीरभाई पेट्यांच्या मागे गुडघ्यावर बसले. त्यांनी खिशातला सेल काढला आणि एकेका पेटीच्या तारा सोडवून टोकांना टेकवला. पहिली पेटी: पडदा टप्पकन पुढे. दुसरी, तिसरी, तशाच. चौथीचा पडदा आत गेला.

“ही कुणाची?”

“आर्टिस्टची स्वतःची. बिचारीनं घरी बनवलीय. जळगावला मैत्रिणीकडे ठेवली होती, कालच आणली. मी म्हटलं होतं, भाड्याच्याच वापरू.”

बिचारी, म्हणजे मुलगी आहे तर. नासीरभाईंनी मागची फळी उघडली आणि विजेरी आत धरली. अठरा इंची स्पीकर होता. त्याच्या लोखंडी सांगाड्याला कडेशी एक पोचा होता, अंगठ्याएवढा. हा पोचा त्यांच्या ओळखीचा होता. गेल्या दिवाळीत एका बँडवाल्याने हा स्पीकर टाकून दिला होता आणि नासीरभाईंनी स्वतः तो तपासून, यात जीव नाही असे सांगून, दुकानामागच्या भंगारात फेकला होता. आता त्याला नवा पडदा होता, पडदा हलवणारी नवी कॉइल होती, कडेचा गोंद केसभरही बाहेर आलेला नव्हता. आणि उजव्या, काळ्या चिमट्याच्या मुळाशी लाल दोऱ्याची दुहेरी गाठ होती.

त्यांनी त्या गाठीवरून अंगठा फिरवला.

ती गाठ जगात दोनच माणसांना बांधता येत होती. फार पूर्वी त्यांनी कॉइलचा एक मोठा माल स्वस्तात घेतला होता, आणि त्यातल्या तारा उलट्या निघाल्या. माल परत न करता त्यांनी दुकानापुरता नियम केला: चिमट्याचा रंग पाहायचा नाही, दोरा जिथे, ती धन बाजू. मुलगी दुकानात बसू लागली तेव्हा तिलाही तोच नियम शिकवला. ‘बाहेर लिहून ठेवू या,’ असे ती तेव्हापासून म्हणत होती. ‘ज्याला कळायचं त्याला कळतं,’ असे ते तेव्हापासून म्हणत होते. समाधानला कळण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने आपला रंग पाहिला होता.

नासीरभाईंनी पेटीवरून मान वर केली. उघड्या दारातून आलेल्या उजेडात टेबलामागे त्यांची मुलगी तहरीम उभी होती. एका कानाला हेडफोन दाबून, मान किंचित डावीकडे कलती. कॉइल घासते आहे का हे ऐकताना ती दुकानाच्या गल्ल्यावर अशीच उभी राहत असे. सकाळी सातलाच ती घरातून जळगावला मैत्रिणीकडे, महेककडे, अभ्यासाला म्हणून निघाली होती. तिच्या आईने, खातूनने, तिला डब्यात शेवभाजी दिली होती. तो डबा आता टेबलावर, मिक्सरच्या शेजारी होता.

तिने वर पाहिले. हेडफोन हळूच खाली आला.

ती पेट्यांना वळसा घालून आली आणि चार पावलांवर थांबली. नासीरभाईंच्या हातात सुटलेल्या दोन तारा होत्या. त्या तशाच सोडून, फळी लावून, ‘चल’ एवढे म्हणणे त्यांच्या हातात होते. पुढच्या शुक्रवारी दोंडाईच्याची माणसे तिला पाहायला यायची होती, आणि आजच्या या दालनाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली तर काय होईल हे दोघांनाही वेगळे सांगायला नको होते.

दुकानात गिऱ्हाईक असले की बापलेक आपसात मराठीत बोलत. घरची बोली घरी.

“कॉइल कुठली घातली?” नासीरभाईंनी मराठीत विचारले.

तहरीमने आधी त्यांच्या हातातल्या तारांकडे पाहिले. “जुन्या मालातली. खोक्यात सात उरल्या होत्या.”

“आता सहा.”

“हो.”

“पडदा किती तास सुकवला?”

“चोवीस.”

“अठ्ठेचाळीस लागतात. कितीदा सांगायचं?” ते करवादले. “आणि जोडणी दुसऱ्यावर का सोडली?”

“पेटी काल आली, मी आज. मी टेबलावरून वाकूनही पाहिलं. पण तिथं उभं राहून काही कळत नाही.”

“नाहीच कळत. मधे उभं राहावं लागतं.” त्यांनी तारांची अदलाबदल केली, चिमटे दाबले, फळीचे सहाही स्क्रू एकामागून एक आवळले. “जा. वाजव.”

ती गेली. पोरे आत आली, दार लागले. नासीरभाई दालनाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. आधी नुसती झांजेची किणकिण, मग तिच्याखाली एक दबका सूर, आणि तो इतका वेळ लांबत राहिला की त्यांना पुन्हा राग येऊ लागला. मग ठोका पडला. तो कानांनी ऐकण्याआधी त्यांच्या बरगड्यांत आला. साठ पोरे एकदम हलली. नासीरभाईंनी घड्याळ वर केले, आणि न मोजताच हात खाली घेतला.

ललित गर्दीतून वाट काढीत आला. त्याच्याबरोबर पुण्याचा एकजण होता, काळ्या सदऱ्यातला, हातात पाण्याची बाटली.

“नासीरभाई, हे विचारताहेत, नेमकं काय झालं होतं?” ललितने टेबलाकडे खूण केली. “हिनंच पेटी चुकीची बनवली होती ना?”

नासीरभाई स्पीकरच्या पेट्यांमागे गेले आणि त्यांनी अवजारांतून खडू काढला. गुडघ्यावर बसून त्यांनी चौथ्या पेटीच्या बाहेर, मागच्या फळीवर, ठळक आणि सरळ अक्षरांत लिहिले: दोरा ती धन बाजू. लिहिलेले एकदा वाचून पाहिले. मग ते उठले, हात झटकले आणि पुण्याच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“चूक माझ्या दुकानाची आहे. हिची नाही.”