क्लिमेकचा निळा खोका

मित्रांनो, कॉलेजच्या मागच्या दाराआड मीठ भरून ठेवलेला जुना निळा खोका म्हणजे मी. हे मीठ खायचं नाही. हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फ साचतो, तो वितळावा म्हणून त्यावर टाकायचं हे जाड्या खड्यांचं मीठ. माझ्या झाकणाचा एक कान तुटलेला आहे. झाकणावर काळ्या शाईत 'क्लिमेक' असं लिहिलेलं आहे, पण त्यातलं शेवटचं अक्षर आता जवळजवळ पुसलं गेलं आहे.

मी मिठासाठी जन्मलो नव्हतो. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून मला घडवलं, तेव्हा माझ्या तळाला उभ्याआडव्या फासळ्या दिल्या. त्यामुळे वजन एकाच जागी न पडता सगळ्या तळावर वाटलं जातं. या फासळ्यांचा मला आजही अभिमान आहे. वर्ना क्लिमेक नावाच्या विद्यार्थिनीने मला विकत घेतलं आणि अमेरिकेत, नेब्रास्कातल्या या छोट्या कॉलेजात आणलं. ती इथल्या वादविवाद संघात होती.

हा वादविवाद तुमच्या शाळेतल्या वक्तृत्वासारखा नसतो. विषय वर्षभर एकच असतो. दोघांची जोडी बोलते, आणि प्रत्येक विधानाला छापील पुरावा लागतो. मुलं इतक्या वेगाने बोलतात, की नवख्या माणसाला वाटावं, खोलीत कुणीतरी यंत्रच सुरू केलं. जीभ वळावी म्हणून ती दातांत पेन आडवं धरून वाचायचा सराव करतात. वर्नाची सगळी पेनं चावलेली असत. तिचे पुरावे माझ्या पोटात असत, हजारो कागद, विषयवार लावलेले. मला उचलायला दोघं लागत. स्पर्धेच्या ठिकाणी मी गाडीतून उतरलो की दुसऱ्या कॉलेजांची मुलं म्हणत, "झालं, क्लिमेकचा खोका आला. आज काही खरं नाही." मित्रांनो, ते ऐकताना मला कागदांचं ओझं वाटत नसे.

या खेळाचा एक कायदा आहे, तो नीट लक्षात ठेवा. समोरच्याच्या मुद्द्याला तुम्ही उत्तर दिलं नाही, तर तो तुम्हाला मान्य आहे असं धरतात. मग तो मुद्दा कितीही फालतू असो. आणि शेवटच्या भाषणात नवं उत्तर चालत नाही. द्यायचं असेल ते आधी द्यावं लागतं.

पुढे वर्ना याच संघाची कोच झाली. कागद गेले, लॅपटॉप आले आणि मी रिकामा झालो. पण तिने मला टाकलं नाही. मला टेबलावर पालथा घालून माझ्यावर लॅपटॉप ठेवला की उभ्याने बोलणाऱ्याला बरोबर उंची मिळते. असा मी मुलांचा मंच झालो. त्यांचे तळहात माझ्या फासळ्यांवर टेकत. बोलण्याआधी ते किती थरथरतात, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल.

संघाच्या शेवटच्या वर्षी मारिसेला आणि टेट ही जोडी होती. मारिसेला दूर पश्चिमेकडच्या साखर कारखान्याच्या गावची. तिची फी या संघामुळे माफ होती. टेट शांत आणि जरा भित्रा मुलगा. सगळे बसून कोबी-खिमा भरलेले पाव खात होते, तेव्हा डीन ग्रीव्हज दारात येऊन उभे राहिले.

"वर्ना, कॉलेजच्या बोर्डात संघ बंद करायचं चाललंय," ते म्हणाले. "मला त्यांना काहीतरी सांगावं लागेल. या सगळ्याचा बाकीच्या कॉलेजला उपयोग काय?"

"मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेला निघालो की तेच सांगा," कोच म्हणाल्या.

"आणि नाही निघालात तर?"

"पाव घ्या, डीनसाहेब. गरम आहेत."

मुलं खो खो हसली. डीन पाव न घेताच गेले.

"हा काय प्रश्न झाला!" मारिसेला म्हणाली. "कोच, याला तर आमच्या शाळेतल्या कुठल्याही पोरीने लोळवलं असतं."

निवड स्पर्धेत जोडी शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. ही फेरी जिंकली की राष्ट्रीय स्पर्धेत जागा, आणि संघ शिल्लक. विषय जमिनीखालच्या पाण्याचा होता. केंद्र सरकारने विहिरींच्या उपशावर मर्यादा घालावी, अशी आमची बाजू. समोरच्या मुलीने दहा भारी मुद्द्यांमध्ये एक वाक्य टाकलं, "शिवाय पाण्यावरचा हक्क राज्यांचा आहे, केंद्राचा नाही." आणि ती पुढे गेली.

आता मारिसेलाने उत्तर द्यायचं होतं.

"मारी, तो हक्काचा मुद्दा राहिला," टेट कुजबुजला. "तयारीचा वेळ शिल्लक आहे आपला. घेऊ या ना."

"तो? त्याला मुद्दा म्हणतोस?"

"एक ओळ बोल फक्त."

"टेट, भिऊन भिऊन तुझं पोट दुखेल एक दिवस. सरक."

तिने माझ्यावर लॅपटॉप ठेवला. काय बोलली हो ती! मोठे मुद्दे एकेक करून तिने पाडले. कोच मागच्या रांगेत बसून लांब कागदावर मुद्दा आणि त्यापुढे त्याचं उत्तर असे रकाने भरत होत्या. मग त्यांचं पेन एका रिकाम्या चौकोनावर थांबलं. फेरी चालू असताना कोचने एक शब्द जरी उच्चारला, तरी जोडी हरलेली धरतात. त्यांनी पेन दातांत आडवं धरलं, आणि मारिसेलाची वेळ संपेपर्यंत ते तसंच होतं.

समोरच्यांनी शेवटच्या भाषणात बाकी सगळं सोडून दिलं. "हक्क राज्यांचा आहे. त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणजे त्यांना हे मान्य आहे." त्यानंतर टेट बोलायला उभा राहिला. त्याचे तळहात माझ्यावर टेकले होते. त्याला उत्तर येत होतं, पण ते आता नवं होतं.

निकाल सांगताना परीक्षक मारिसेलाकडे बघून म्हणाला, "फेरीतलं सगळ्यात चांगलं भाषण तुमचं होतं. पण माझा नाइलाज आहे."

सोमवारी डीन पुन्हा दारात आले. हातात कोट होता.

"बोर्डाची बैठक आता आहे," ते म्हणाले. "मी तेव्हा एक विचारलं होतं, वर्ना."

मारिसेला कोचकडे वळली. "कोच, तुम्ही त्यांना उत्तर दिलंच नव्हतं," ती म्हणाली. "आपण हसलो होतो. आता द्या ना!"

"आता ते नवं होईल, मारी," कोच हळूच म्हणाल्या.

डीनना यातलं काही कळलं नाही. ते दाराची मूठ धरून उभे होते, एकदा कोचकडे आणि एकदा मुलीकडे बघत. मित्रांनो, माझ्या जागेवरून मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. ते वाट बघत होते. त्या माणसाला आमचा कायदा माहीतच नव्हता. तेव्हा कुणी दोन वाक्यं बोललं असतं, अगदी अडखळत, तरी त्यांनी ती ऐकून घेतली असती. पण जन्मभर एकाच खोलीत खेळलेल्या बाईला दुसरा कायदा सुचला नाही. मारिसेलाही तोच कायदा शिकली होती.

"बरं," डीन म्हणाले आणि गेले.

संघ बंद झाला. मारिसेला पुढच्या वर्षी आली नाही. कोचनी खोली आवरली. मला त्यांनी हातात घेतलं, झाकणावरून बोट फिरवलं आणि कचऱ्याच्या ढिगाजवळ ठेवलं. सफाईवाल्यांना माझा तळ मजबूत वाटला, म्हणून मी वाचलो. मीठ कागदापेक्षा जड असतं, आणि ओल धरतं.

टेट अजून आहे. फी भागवायला तो सकाळी पायऱ्यांवर मीठ टाकायचं काम करतो. आज त्याच्याबरोबर एक नवा मुलगा आहे. त्याने माझं झाकण वाचलं.

"क्लिमेक? ती वादविवादवाली ना? कुणी सांगत होतं, नुसती बडबड चालायची म्हणे त्यांची. कुणाला काही उपयोग नाही."

टेटचा हात माझ्या काठावर होता. तो थरथरला. मला वाटलं, आता बोलेल. त्याने डबाभर मीठ काढलं, झाकण लावलं आणि तो बाहेर गेला.

मित्रांनो, मला धुऊनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. माझे दिवस संपले, आणि खोक्याचं कोण ऐकतं हेही मला माहीत आहे. पण तुमच्या आवडत्या गोष्टीबद्दल कुणी दारात येऊन साधा प्रश्न विचारला, तर हसू नका. तेव्हाच उत्तर द्या. तेव्हा राहून गेलं, तर नंतर द्या. दाराच्या मुठीवर हात आहे तोवर तरी द्या.

बाहेर टेट मीठ टाकतो आहे. त्या नव्या मुलाने शीळ घालायला सुरुवात केली आहे. तो मघाशी काय बोलला, ते त्याच्या लक्षातही नसेल.