हलक्या पेडलची प्लेट

मी क्लच प्लेट बोलतेय. मला घडवलं ते एका छोट्या घरगुती गाडीसाठी. चार माणसं आणि दोन बॅगा, एवढंच ओझं माझ्या नशिबी होतं.

गॅरेजवाल्याने टेबलावर दोन खोकी ठेवली. "तुम्ही मागे जनरेटरचा ट्रेलर ओढता. हा जड कामाचा सेट घ्या. पेडल कडक लागेल, पण चढावर दगा देणार नाही."

"आणि ही?" मालकाने माझ्या खोक्यावर टिचकी मारली.

"हलकी आहे. ओढायच्या कामाची नाही."

"हलकीच बसव. पेडल दाबून दाबून माझा पाय भरून येतो."

त्याचा धाकटा भाऊ चाचरत म्हणाला, "दादा, चढावर चाकाला लाकूड लावायला मी मागे असतो. कडकवाला घे ना."

"तू गाडी घेशील तेव्हा तुझ्या आवडीचा बसव." मालक हसला. धाकटाही हसला. त्याला हसावंच लागायचं. राहायला तो दादाच्याच घरी होता.

त्याच संध्याकाळी माझ्यामागे ट्रेलर जुंपला गेला. मालकाला पेडलवर पाय टेकून बसायची खोड. चढावर थांबला तरी हँडब्रेक ओढायचा नाही, अर्ध्या क्लचवर मला घासत गाडी धरून ठेवायचा. मी जळायचे, वास सुटायचा. तो काच वर करून घ्यायचा.

एकदा एका हॉटेलच्या चढावर फाटक उघडायला वेळ लागला. धाकटा ट्रेलरच्या चाकामागे लाकूड लावायला वाकला होता. "अजून आत सरकव!" मालक ओरडला. तेवढ्यात माझी पकड सुटली. गाडी मागे घसरू लागली. घाबरून त्याने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन नुसतंच बोंबललं. ट्रेलर भिंतीवर जाऊन आदळला. मधे धाकट्याचा पाय होता.

मला उपसून काढलं, तेव्हा धाकटा कुबडी घेऊन गॅरेजात बसला होता. गुडघ्याखाली पँट दुमडलेली.

"माल खराब निघाला," मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आणि मी याला सांगत होतो, लांब उभा राहा. हो की नाही रे?"

गॅरेजवाल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने खाली. "हो. दादा सांगत होता."

मला तोंड असतं तर!

"आता तरी कडक सेट घ्या," गॅरेजवाला म्हणाला.

"छे! हलकीच दे."

"मग चढावर मागे लाकूड कोण लावणार?"

"हा आहे की. बसून लावेल."

यावर धाकटा हसला नाही. कुबडी सावरून गाडीत जाऊन बसला.

आता मी भंगाराच्या डब्यात आहे. माझ्या जागी बसणारी कोरी प्लेट वर टेबलावर चमकतेय. अगं बाई, तुला एकच विनवणी. जळणं काही तुला चुकत नाही. पण जळायचंच असेल तर सपाट रस्त्यावर जळ.